चाखणावळ

शिंप्याला देतो ती शिवणावळ, पिठाच्या गिरणीत देतो ती दळणावळ, परटाला देतो ती धुणावळ. आपल्या भाषेनं बहुतेक कामांच्या मजुरीला असं एकेक सुटसुटीत नाव देऊन ठेवलं आहे. चाखण्याच्या मजुरीला मात्र तिनं नाव दिलेलं नाही. चाखणं हीसुद्धा मजुरी असू शकते, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. जो चाखतो, त्याला वर आणखी द्यायचं काय? लाडू वळता वळता कुणी एखादा तोंडात टाकला, तर आपण म्हणतो, ‘चाललीय चंगळ!’ तेव्हा हा शब्द मीच तयार केला आहे आणि दिवाळीच्या मुहूर्तावर तो वाचकांच्या ताटात वाढतो आहे : चाखणावळ.

प्रत्येक धंद्यात ठरलेल्या पगाराखेरीज एक लहानसा हक्क असतो. तो कुठल्याही करारात लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच त्याची गोडी पगाराहून अधिक असते. सिनेमाच्या दारावरच्या माणसाला चित्रपटाचा शेवट रोज फुकट पाहायला मिळतो. सुरुवात मात्र त्याला कधी धड दिसत नाही, कारण त्या वेळी तो उशिरा आलेल्यांना विजेरीच्या उजेडात खुर्च्या दाखवत असतो. छापखान्यात हातानं खिळे जुळवीत असत त्या काळी कादंबरीतला खुनी कोण, हे खिळे जुळवणाऱ्याला साऱ्या महाराष्ट्राच्या आधी कळत असे. सुताराच्या घरी बंबात घालायला ढलप्या असतात आणि शिंप्याच्या घरच्या गोधडीत साऱ्या गल्लीच्या लग्नांचे रंग असतात.

चाखणावळ या सगळ्यांहून निराळी. गोधडी घरी नेता येते, ढलप्या शेजाऱ्याला देता येतात. जिभेवर आलेली चव मात्र तिथल्या तिथं खर्च करून टाकावी लागते. ती साठवता येत नाही, मुलाबाळांत वाटता येत नाही आणि प्राप्तिकरवाल्यांनाही तिचा वास लागत नाही. बरं, ती घेऊन गप्प बसावं म्हटलं तर तीही सोय नाही. चाखणाऱ्याला लगेच विचारतात, ‘कसं आहे?’ आणि ज्याला हा प्रश्न विचारतात, त्याच्या अडचणींना तिथूनच प्रारंभ होतो.

माझ्या नोकरीत चाखण्याजोगं काही नाही. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मी गेली तीस वर्षं तपासनीस आहे. ओतलेल्या लोखंडाच्या वस्तूवर हातोडीनं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, मापं घ्यायची, आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ असा खडूचा शेरा मारायचा, हे माझं काम. पण गेल्या हिवाळ्यात एक नवलाची गोष्ट घडली. आमच्या कारखान्याला साच्यांची वाळू पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं आम्हां खातेप्रमुखांना एका हॉटेलात संध्याकाळचं आमंत्रण दिलं. कारण काय, तर व्हिस्की चाखणं. पिणं नव्हे, चाखणं. आमंत्रणात तसं स्पष्ट छापलं होतं.

मी ती पत्रिका घरी दाखवली. “अहो, चाखायची म्हणजे किती?” असा एक साधा प्रश्न घरातून आला. त्याचं उत्तर मला देता येईना. आमच्या गल्लीत दारूपायी दोन घरं उद्‌ध्वस्त झालेली आम्ही पाहिली आहेत. त्यातल्या एका घरची भांडी अंगणात फेकल्याचा आवाज रात्री आमच्या माजघरापर्यंत येत असे. त्यामुळे हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. पण माझी आई, जी आता नव्वदीला टेकली आहे आणि जिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, तिनं कोपऱ्यातून निकाल दिला. “चाखायलाच चाललायस न्हवं? मग जा. तुझ्या आबांनी जन्मभर चाखलंच की. खरं, कुणी विचारलं तर काय ते नीट सांगून ये.”

या वाक्यातला ‘खरं’ हा शब्द परगावच्या वाचकांनी जरा जपून घ्यावा. आम्ही कोल्हापूरकर ‘पण’ म्हणायचं तिथं ‘खरं’ म्हणतो. ‘येतो, खरं उशीर होईल.’ ‘पोरगा हुशार हाय, खरं अभ्यास करत न्हाई.’ पुण्यामुंबईच्या माणसाला यात व्याकरणाची चूक दिसते. मला मात्र पुष्कळदा वाटतं, की सत्य आणि ‘पण’ ही एकाच घरात राहणारी भावंडं आहेत, हे ओळखणारं गाव आमचंच असावं.

तर मी गेलो. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्याच्या पुस्तकातून अजून पुसला गेलेला नाही. पिणाऱ्यापाशी परवाना असावा, असा त्याचा दंडक आहे. यजमानांनी आमच्या नावांचे एका दिवसाचे परवाने आधीच काढून ठेवले होते. तोवर माझं नाव सरकारी कागदांत रेशनकार्डावर आणि मतदारयादीत काय ते झळकलं होतं. एका दिवसाचा मद्यपी म्हणून झालेली ही पहिलीच नोंद.

टेबलावर प्रत्येकापुढं चार पेले होते. बुडाशी गोल, तोंडाशी निमुळते, एखाद्या मिटू लागलेल्या कमळासारखे. प्रत्येकात दोन चमचे भरेल इतकंच सोनेरी पाणी. शेजारी साधं पाणी, आणि एक झाकणाचं भांडं. हे कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा पुण्याहून आलेला तो जाणकार तरुण म्हणाला, “काका, ज्यांना गिळायचं नसेल त्यांनी यात थुंकायचं. ज्यांचा चाखण्याचा धंदाच आहे, ते बहुधा थुंकतातच.” हे ऐकून आमच्यातल्या दोघातिघांचे चेहरे उतरले. मला मात्र त्या भांड्याकडं पाहून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्याचं कारण पुढं सांगतो.

त्या तरुणानं शिकवलं ते असं. आधी पेला उजेडात धरून रंग पाहायचा, पण रंगावर विश्वास टाकायचा नाही. मग वास घ्यायचा, तोही नाक खुपसून नव्हे. तोंड किंचित उघडं ठेवून दुरूनच. मग एक थेंबभर घोट जिभेवर फिरवायचा. शेवटी दोन थेंब पाणी घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पाण्यानं म्हणे दडून बसलेले वास बाहेर पडतात. सातू, म्हणजे बार्ली, भिजवून तिला मोड आणतात, ती वाळवतात, आंबवतात, उकळून तिचा अर्क काढतात आणि तो ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात. स्कॉटलंडात हे मुरणं निदान तीन वर्षांचं असावं लागतं. पिंपातून दरसाल शेकडा दोनच्या आसपास अर्क उडून जातो. त्याला तिकडं देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात तोच वाटा शेकडा दहा-बारापर्यंत जातो. आमचे देवदूत तिकडच्यांपेक्षा अधिक तहानलेले असावेत! तरीही बंगळूरच्या अमृत या भट्टीनं २००४ साली आपली सिंगल माल्ट व्हिस्की पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोत, म्हणजे काशीला गंगा विकायला नेण्यासारखं, आणि ती तिथं खपलीही.

त्या भट्ट्यांमधली आणखी एक जुनी रीत त्यानं सांगितली. कामगारांना रोज कामाच्या वेळी मालकाकडून एकेक पेला मिळत असे. कुठं कुठं दिवसातून तीनदाही. तो त्यांचा हक्कच होता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रं वाढली, अपघातांची धास्ती वाढली आणि ही रीत बंद पडली.

तिसरा पेला आला तो आयला बेटावरचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला या नावाचं बेट खरोखरच आहे. पण ते नाव उच्चारताच कोल्हापुरी मंडळींत जो हशा पिकला, तो त्या तरुणाला आवरेना. तिथं सातू वाळवताना दलदलीतली वाळवलेली माती जाळतात, तिचा धूर दाण्यांत उतरतो. मी पेला नाकाशी नेला आणि हसू ओसरलं. त्या वासात मला गुऱ्हाळाचं चुलवाण दिसलं. ओलसर चिपाडांचा धूर, त्यात मिसळलेला उकळत्या रसाचा गोडसर वास, पहाटेचं धुकं, आणि काहिलीभोवती उभी असलेली माणसं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बेटावरचा धूर आणि पंचगंगेकाठचा धूर एकमेकांना इतके ओळखत असतील, असं मला वाटलं नव्हतं. मी तो घोट अगदी सावकाश घेतला. तो मला फार आवडला, हे इथं मोकळेपणानं नोंदवतो.

उसाचा आणि व्हिस्कीचा संबंध तसा आणखीही जवळचा निघाला. आपल्याकडे खपणाऱ्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्कीतला मद्यार्क धान्याचा नसून साखर कारखान्यातल्या मळीचा असतो. म्हणून युरोपात तिला व्हिस्की म्हणू देत नाहीत. हे कळताच माझ्या शेजारचा गृहस्थ अभिमानानं म्हणाला, “म्हणजे आमचाच ऊस की!” मळी हा शब्दही आमच्याकडं मोठा बहुरूपी आहे. पुरानं नदीकाठी आणून टाकलेल्या गाळाची जमीन ती मळी. त्या जमिनीतल्या उसाचा रस उकळताना वर येणारा मळ, तीही मळी. आणि साखर काढून उरलेला काळा दाट पाक, तीही मळीच. पहिली मळी ऊस पोसते, दुसरी फेकून देतात आणि तिसरीपायी आमच्या गल्लीतली दोन घरं गेली.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीच्या पेढीवर ते चाळीस वर्षं दिवाणजी होते. कोल्हापूरला १८९१ मध्ये रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली. शेतकऱ्यानं गूळ आणायचा, अडत्यानं तो सौद्यात विकून द्यायचा, आणि बहुतेक गूळ गुजरातेत जायचा. पेढीवर हिशेब लिहिणारे पुष्कळ होते. आबांची किंमत त्यांच्या हस्ताक्षरामुळं नव्हती, जिभेमुळं होती. सौद्यापूर्वी आलेल्या मालाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम.

शाळेला सुट्टी असली की मी पेढीवर जाऊन बसत असे. गुळाचे रवे ओळीनं मांडलेले असत. आबा रव्यावर बोटाच्या पेरानं टकटक करीत. घट्ट गुळाचा आवाज निराळा, आत ओल राहिलेल्या गुळाचा निराळा. मग सुरीच्या टोकानं एक टवका काढीत, तो मोडून कण पाहत, दोन बोटांत चुरडीत, आणि सर्वांत शेवटी तोंडात टाकीत. मग काही क्षण कुणी बोलत नसे. हमाल थांबत, मापाडी थांबे, आणि आपल्या मालाशेजारी डोकीचा पटका काढून उभा राहिलेला शेतकरी आबांच्या गालांकडं पाहत राही. निवडताना उरलेला चुरा हमालांचा आणि माझा. माझी चाखणावळ अशी बालपणीच सुरू झाली.

त्या क्षणभराच्या शांततेत किती काय उभं असे, हे मला गुऱ्हाळ पाहिल्यावर उमगलं. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो. शंभर किलो उसाला गूळ निघतो दहा-बारा किलो. रस काहिलीत चढवतात, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. मग जळव्या चुलवाणात चिपाड सारीत राहतो आणि गुळव्या पाकाकडं डोळे लावून उभा असतो. तापमापक नाही, घड्याळ नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची, आणि ती भांड्यावर आपटून कशी वाजते ते ऐकायचं. क्षणभर लवकर उतरला तर गूळ पातळ, क्षणभर उशिरा उतरला तर करपट. तिथं आलेल्या वाटसरूलासुद्धा रस, काकवी, गरम गूळ मिळतो. गुऱ्हाळावरून रिकाम्या तोंडानं कुणी परतू नये, अशी आमच्याकडची रीत आहे. पण ज्याच्या नावानं तो गूळ बाजारात जातो, त्याचं दीड वर्ष मात्र एका टवक्याच्या चवीवर टांगलेलं असतं.

आबांच्या प्रत्येक निकालात एक ‘खरं’ असे. “कण चांगला हाय, खरं जरा खारट लागतोय. खालच्या अंगाच्या रानातला ऊस काय?” शेतकरी ओशाळून मान डोलवी, कारण चोपण जमिनीतल्या उसाचा खारटपणा गुळात उतरतो आणि तो जिभेपासून लपत नाही. “रंग लई झाक, खरं पाक घाईत उतरलाय.” कधी एखादा म्हातारा चिडून म्हणे, “दिवाणजी, आमचाच गूळ खाऊन आमालाच कडू बोलताय!” तेव्हा आबा हसत. “पाव्हणं, तिळगूळ घेऊन गोड बोलायचं ते संक्रांतीला. हितं गूळ खाऊन खरं बोलायसाठी शेट मला पगार देतो.” तो म्हातारा पुढच्या हंगामात पहिला रवा घेऊन आबांकडंच येई. सगळ्यांना ‘उत्तम’ म्हणणाऱ्या माणसाचं ‘उत्तम’ घेऊन तो काय करणार होता?

घरी मात्र हा धर्म आईला फार जड जाई. दिवाळीचा चिवडा झाला की ती पहिला घास आबांपुढं ठेवी. “छान झालाय,” आबा म्हणत, आणि आई हात जोडून म्हणे, “आता ते ‘खरं’ तेवढं म्हणू नका.” आबा एक क्षण थांबत. “खरं, शेंगदाणं जरा कच्चं राहिल्यात.” नैवेद्याचा पदार्थ देवाला दाखवण्याआधी चाखायचा नाही, ही चाल आईला फार आवडे. “देव बरा,” ती म्हणे, “खातो बी आणि बोलत बी न्हाई.”

आबा बावन्न वर्षांचे असताना त्यांना मधुमेह असल्याचं निघालं. डॉक्टरांनी गोड बंद केलं. दिवसभर गूळ चाखणाऱ्या माणसाला ही शिक्षा ऐकवताना ते डॉक्टरही अवघडले होते. शेट म्हणाले, “दिवाणजी, तुम्ही आता नुसत्या वह्या बघा.” आबांनी दोन दिवस वह्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी ते घरातून एक तांब्या आणि पितळेची पिकदाणी घेऊन पेढीवर गेले. टवका जिभेवर ठेवायचा, टाळूला लावायचा, पिकदाणीत टाकायचा, चूळ भरायची, आणि मग निकाल द्यायचा. पेढीवरून निवृत्त होईपर्यंत त्यांनी गुळाचा एक खडाही गिळला नाही. ज्याला चाखणं कळतं त्याला गिळण्याची गरज नसते, असं ते म्हणत नसत. असली वाक्यं बोलण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. ते फक्त एवढंच म्हणाले होते, की माझ्या तब्येतीपायी कुणा शेतकऱ्याचा दर चुकाया नको. हॉटेलातलं ते झाकणाचं भांडं मला ओळखीचं का वाटलं, हे वाचकांच्या आता लक्षात आलं असेल.

पुढं पुढं आबांच्या जिभेला बाजारात मान राहिला, पण किंमत राहिली नाही. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवासा वाटू लागला. रंग उजळायला काहिलीत हायड्रॉसची पूड पडू लागली. त्या पुडीनं गूळ काही दिवस सोन्यासारखा दिसतो. “रंग सोन्यागत हाय, खरं जिभेला चुरचुरतंय,” असं आबा सांगत. पण माल दिसतो डोळ्यांना, आणि सौदा डोळ्यांनी होऊ लागला होता. पिवळ्याला चढा दर आणि तांबूस, मऊ कणाच्या, चोख गुळाला उतरता, हे ते मुकाट्यानं वहीत लिहीत. दर दिवाळीला मात्र त्या मागं पडलेल्या मालातला एक रवा ते पैसे देऊन घरी आणीत. आमच्या घरचे अनारसे शेजाऱ्यांच्या अनारशांहून काळपट दिसत. लहानपणी मला त्याची लाज वाटे. २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आता शहरांतली शहाणी माणसं तोच तांबूस गूळ ‘रसायनविरहित’ म्हणून चढ्या भावानं मागतात. हे पाहायला आबा नव्हते.

आता त्या संध्याकाळची उरलेली हकिकत. चौथा पेला सर्वांत महागड्या बाटलीतला होता. सगळे ‘वा!’ म्हणाले. तरुणानं मला विचारलं, “काका, कसं आहे?” मी म्हणालो, “लाकूड फार बोलतंय, सातूला बोलू देत नाही. मला तो धुराचाच आवडला.” तो हसला आणि त्यानं आपल्या टिपणवहीत काहीतरी लिहून घेतलं. यजमानांना ते फारसं रुचलं नसावं. त्यांनी माझी पाठ थोपटली, पण जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर त्यांच्याच वाळूचा नमुना होता. फौंड्रीच्या वाळूत मातीचा अंश ठरलेल्या मर्यादेत असावा लागतो. तो वाढला तर साच्यातून हवा नीट बाहेर पडत नाही आणि लोखंडात बुडबुडे राहतात. वरून वस्तू गुळगुळीत दिसते, आतून पोकळ असते. तशी वस्तू एखाद्या पंपात किंवा ट्रकच्या ब्रेकमध्ये बसली, की पुढं काय होईल ते सांगायला नको. मी वाळू धुतली, वाळवली, पुन्हा तोलली. माती जास्त भरली.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण चेष्टेनं वापरतो, परंतु तिच्यात केवढी ताकद आहे हे त्या सकाळी मला कळलं. तोंडात अजून त्या धुराची आठवण रेंगाळत होती. ती संध्याकाळ मला मनापासून आवडली होती, आणि तिनं माझ्याकडून उघडपणे काहीच मागितलं नव्हतं. तपासणीच्या तक्त्यावरचा एक आकडा इकडचा तिकडं झाला असता तर कुणालाही कळलं नसतं. मी पुन्हा एकदा तोलून पाहिलं. तेच. मग मी तक्ता लिहिला : दाण्याचा आकार बरोबर, ओल बरोबर, पण मातीचा अंश अधिक, माल परत. लिहिताना ‘पण’ लिहिलं, मनात मात्र ‘खरं’ असंच उमटलं.

त्या व्यापाऱ्यानं ती गाडी परत नेली आणि आठवड्यानं चांगली वाळू पाठवली. यंदाच्या हिवाळ्याचं आमंत्रण अजून आलेलं नाही. येईलही कदाचित, हिवाळा अजून पडायचा आहे. आलं तर मी जरूर जाईन. फुकटात मिळालेल्या आनंदाकडं संशयानं पाहावं, असं माझं मुळीच मत नाही. नोकरीच्या निमित्तानं चार चांगल्या गोष्टी माणसाच्या जिभेवर आल्या तर त्यानं त्या मिटक्या मारीत चाखाव्यात. मेजवानीत पोट भरतं आणि तोंड बंद होतं. चाखण्यात पोट रिकामंच राहतं आणि तोंड उघडावं लागतं. आपल्याला बोलावलं आहे ते यांतल्या कशासाठी, एवढं ओळखता आलं की पुरे.

येत्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतील. गुऱ्हाळांची धुराडी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहेत, ऊस साखर कारखान्यांकडं वळतो आहे. तरी त्या दिवशी रव्यांना हारफुलं चढतात आणि बोलीचा आवाज चढतो. मी दरवर्षी जाऊन लांब उभा राहतो. अजूनही गर्दीत एखादा म्हातारा खरेदीदार असतोच, जो रंग पाहून न बोलता सुरीनं टवका काढतो, चुरडतो आणि तोंडात टाकतो. भोवतीचे हमाल थांबतात. मालाशेजारी एखादा तरुण शेतकरी मोबाईल खिशात ठेवतो आणि त्या म्हाताऱ्याच्या गालांकडं पाहू लागतो. “कसा हाय, मामा?” म्हातारा जीभ टाळूवर फिरवतो, डोळे किंचित मिटतो. “झाक हाय,” तो म्हणतो, आणि तो पोरगा पुढच्या शब्दाची वाट पाहत थांबतो.